पुढच्या चाकाचे माप कोण घेणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
परिवहन भवन, नवी दिल्ली

मंत्रीमहोदय,

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये 2019 साली संसदेने एक परंतुक घातले. वाहनात करायच्या बदलांची मानके आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकेल, आणि अशा मंजूर बदलामुळे कंपनीची वॉरंटी बाद धरली जाणार नाही, असे ते सांगते. त्याच दुरुस्तीने कलम 182अ नव्याने लिहिले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेचे कलम हाताशी आहे. मंजुरीची वाट सीएनजी किटला आहे, पेट्रोलची गाडी विजेवर नेणाऱ्या किटलाही आहे. क्रूझर मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला ती कुठे आहे? पुढे तारांचे रुंद चाक बसवून घेणारे चालक गल्लोगल्ली दिसतात, ते चाक बांधून देणारे कारागीरही दिसतात. त्यांच्यामध्ये उभा राहून मोजमाप करणारा मात्र कोणी नाही, आणि ही जागा रिकामी राहिल्याची जबाबदारी तुमच्या मंत्रालयाची आहे.

हा केवळ हौसेचा मामला असे कोणी समजत असेल, तर त्याने आकडे पाहावेत. 350 सीसीच्या क्रूझरला पुढे 100/90-19 हे माप नेहमीचे. त्या टायरचा व्यास सुमारे 663 मिलिमीटर भरतो. त्याजागी जुन्या अमेरिकी धाटणीचे 130/90-16 बसवले तर व्यास 640 वर येतो. चाकाचा एक फेरा 2082 मिलिमीटरऐवजी 2012 चा होतो, म्हणजे फेऱ्यामागे 70 मिलिमीटर कमी. वेगमापक पुढच्या चाकावरून वेग घेत असेल तर 100 किलोमीटरच्या प्रवासाची नोंद 103 हून अधिक होईल. हे एक वेळ चालून जाईल. पण आस 11 मिलिमीटर खाली येतो, आणि फोर्कचा कल 26 अंश धरला तर तेवढ्यानेच ट्रेल पाचेक मिलिमीटरने घटतो. ट्रेल म्हणजे हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला मिळते तो बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू यांतले अंतर. गाडी सरळ रेषेत स्थिर राहते ती बऱ्याच अंशी याच्या जोरावर. गाडीचे नाक खाली झुकल्याने फोर्क आणखी उभा होतो आणि ट्रेल आणखी घटतो. रुंदी 100 वरून 130 मिलिमीटरवर गेल्याने टायर दोन्ही बाजूंना 15-15 मिलिमीटर फुगतो, तेवढी जागा फोर्कच्या नळ्यांमध्ये आणि मडगार्डखाली असावी लागते. 130 च्या टायरला साधारण 3 इंच रुंद रिम लागते. तो 2.15 इंचाच्या रिमवर चढवला तर कडा आत आवळल्या जातात, टायरचा माथा नको तितका गोल होतो, आणि वळणावर गाडी कशी वागेल याचा भरवसा उरत नाही.

मग एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. 125 सीसीवरच्या दुचाकींना ते तुमच्याच मंत्रालयाने सक्तीचे केले, नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि बाकी सगळ्यांना एप्रिल 2019 पासून. निर्णय योग्यच होता. ती यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या वेगावर चालते. पुढचे चाक साडेतीन टक्के अधिक फिरू लागले, तर एवढा फरक युनिट सांभाळून घेईल की नाही हे चाचणीशिवाय कळत नाही. ज्या यंत्रणेसाठी सरकारने सक्ती केली, तिच्याच मापात होणाऱ्या बदलाकडे सरकार पाहत नाही, हे मला कोणत्याही तर्कात बसवता येत नाही.

तारांच्या चाकाची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. ओतीव चाक कारखान्यातून तयार येते, तारांचे चाक मात्र माणूस बांधतो. तारांचा ताण असमान राहिला, आउट (चाकाचा वाकडेपणा) नीट काढला नाही, रिम फोर्कच्या मध्याऐवजी हबच्या मध्यावर धरली, की चूक चाकातच बसते. साध्या रिमला निपलसाठी भोके असतात, म्हणून आत पट्टी आणि ट्यूब लागते. ट्यूबलेस गाडीवर असे चाक चढवून भोके सिलिकॉनने बुजवणे हा जिवाशी खेळ आहे, कारण हवा गेल्यावर टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा अशा रिमला बहुधा नसतोच. पुढच्या चाकातली हवा अचानक गेली तर सावरायला चालकाला क्षणही मिळत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल नको असे म्हटले आहे. म्हटले आहे, आणि त्याचा आदर आहे. पण तो निकाल जानेवारीतला, संसदेची दुरुस्ती ऑगस्टमधली. संसदेने जे दार उघडले ते बंदच आहे असे सांगण्यासाठी त्याआधीच्या निकालाचा आधार घेता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की कंपनीने दिलेले चाकच सुरक्षित. मग रॉयल एनफिल्डची मीटिअर 350 पाहा. 2020 मध्ये ती ओतीव चाकांवर आणि ट्यूबलेस टायरांवर आली, पुढे तिचीच अरोरा आवृत्ती तारांच्या चाकांवर, ट्यूबसह विकली गेली. म्हणजे चाकाचा प्रकार बदलणे हा गुन्हा नव्हे. फरक चाचणीचा आहे. कंपनीच्या बदलाला ती मिळते, नागरिकाच्या बदलाला मिळत नाही. तिसरा आक्षेप मला मान्य आहे: रुंद चाकाने गाडी चांगलीच होते असे नाही. हँडल जड होते, गाडी कलायला वेळ लागतो. पण म्हणूनच तर तपासणी हवी.

सरसकट बंदीचा परिणाम उलटा झाला आहे. योग्य रिम घेऊन, चाक नीट बांधून, ट्रेल आणि एबीएसचा विचार करून बदल करणारा आणि भंगारातली रिम ठोकून बसवणारा, दोघांनाही दंड तोच. मग पैसे आणि काळजी खर्चणाऱ्याने ती का खर्चावी? शिवाय खासगी दुचाकीच्या नोंदणीपत्रावर इंजिन क्रमांक आहे, चॅसिस क्रमांक आहे, रंग आहे, पण रिमची रुंदी नाही. नाक्यावरचा पोलीस ती कशाशी ताडून पाहणार? जर्मनीत सुट्या भागाबरोबर तपासणी-अहवाल येतो, अधिकृत अभियंता बसवलेले चाक पाहतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदावर होते. आपल्याकडे वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात उभी आहे. चाक थकेपर्यंत फिरवून पाहणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे या देशात आहेत.

तेव्हा मागणी नेमकी आहे. मॉडेलनिहाय पुढच्या चाकाच्या किटला मंजुरी द्या. तिच्यात रिमची रुंदी, टायरचे माप, व्यासातल्या फरकाची कमाल मर्यादा, ट्यूब की ट्यूबलेस, आणि एबीएससह थांबण्याची चाचणी असू द्या. चाक बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि आरटीओतली नोंद बंधनकारक करा, आणि त्यानंतर विनामंजुरी चाक बसवणाऱ्याला 182अ खाली खुशाल दंड करा. या नियमाचा मसुदा कोणत्या तारखेला निघणार, ते जाहीर करा.

आपला,
एक मोटारसायकलस्वार