हातमागाचे कापड आणायचे कुठून?

नामपूरच्या एक वाचक भगिनी घरी शिवणकाम करतात. त्यांनी लिहिले आहे, "पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना हातमागाच्या सुती कापडाचे कुर्ते हवे असतात. मालेगाव आम्हाला जवळ आहे. तिथले कापड आणून हातमागाचे म्हणून शिवून दिले, तर चालेल का?"

असा प्रश्न शिवणकामावर संसाराला हातभार लावणाऱ्या पुष्कळ बहिणींना पडत असेल, म्हणून या वेळी त्यावरच लिहीत आहोत.

मालेगावात आज मुख्यतः यंत्रमागाचे कापड निघते. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी तिथे हातमाग बसवले आणि गावाला नाव मिळवून दिले. पुढे १९३० च्या दशकात विजेवर चालणारे माग आले आणि हळूहळू हातमाग मागे पडले. आता तिथले बरेचसे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जाते आणि फिरून आपल्याच बाजारात येते. हे कापड आपल्याच माणसांच्या घामाचे आहे, ते वापरण्यात कमीपणा नाही. मात्र घेताना सुती की पॉलिएस्टर मिसळलेले, हे पाहून घ्यावे. कडेचा एखादा धागा जाळून पाहा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडते. पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

परंतु या कापडाला हातमागाचे म्हणणे बरोबर नाही. हातमागावर दिवसभर राबले तरी जेमतेम काही मीटर कापड हाती येते. यंत्रमागाचे स्वस्त कापड त्याच नावाने विकले गेले, तर त्या विणकराने दाम मागायचे कशाच्या जोरावर? २०१९-२० च्या गणनेत देशात हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर पोट असणारे ३५ लाखांहून अधिक लोक आढळले, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आपल्या चिठ्ठीवरचा एक खोटा शब्द अशाच एखाद्या बहिणीच्या रोजीला धक्का लावतो. मदीनेच्या बाजारात वरून कोरडे आणि आतून भिजलेले धान्य विकणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकले होते, ते कापडालाही लागू आहे.

मग खरे हातमागाचे कापड कुठे मिळेल? नाशिक जिल्ह्यात येवल्याला हातमाग आहेत, पण तिथे पैठणी विणली जाते. ती लग्नकार्याची, रोजच्या कुर्त्याची नव्हे. सुती कापडासाठी दोन वाटा आहेत. पहिली खादीची. खादीत सूतही हाताने कातलेले असते. त्यावर 'खादी मार्क' आहे का, ते पाहावे. दुसरी वाट महेश्वरची. मालेगावहून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, सेंधवा ओलांडून धामणोदला पोहोचले, की तिथून महेश्वर जवळच आहे. अहिल्याबाई होळकरांनी वसवलेल्या त्या विणकामात आजही अनेक अन्सारी घराणी आहेत. महेश्वरी कापड सूत-रेशमाचे असते, तसे निव्वळ सुतीही मिळते. पुरुषांचे कपडे शिवायचे असतील, तर सुतीच मागावे.

खरेदी शक्यतो विणकरांच्या सोसायटीकडून, पावती घेऊन करावी. २००६ पासून 'हँडलूम मार्क'ची चिठ्ठी सुरू झाली आहे, ती मागावी. विणीतला किंचित कमी-जास्तपणा हातमागाची खूण समजला जातो, पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. आधी दोन-तीन मीटरच आणावे. पन्हा किती आहे हे विचारून मगच कापडाचा हिशोब करावा, कारण तो नेहमीच्या कापडापेक्षा कमी असू शकतो. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही. रंग जातो का, तेही तेव्हाच कळते. ईदचे काम असेल, तर मागणी दोन-तीन महिने आधी नोंदवावी. माग घाई करत नाही.

कापड महाग पडते, म्हणून ते जपून वापरावे. शिवणीत थोडे कापड राखून ठेवले, तर मुलगी वाढली तरी कुर्ता आणखी वर्ष-दोन वर्षे चालतो. उरलेल्या तुकड्यांची टोपी, पिशवी होते आणि शेवटी गोधडीत त्यांना जागा मिळते. आपल्या आज्या हेच करत आल्या, 'पर्यावरणपूरक' हा शब्द नंतर आला.

नामपूरच्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच, की दोन्ही कापडे ठेवा, दोन्हींचे भाव वेगळे ठेवा आणि प्रत्येक कुर्त्याच्या चिठ्ठीवर कापड कुठले आणि कोणत्या मागावरचे, हे मराठीत लिहा. गिऱ्हाईक विचारून घेईल आणि पुन्हा येईल.