जहाजाला बाईचं नाव, जहाजावर बाई नको

नौदल, गस्ती जहाजं हे विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. शस्त्रांवरच्या वारेमाप खर्चाला आपला विरोध आहे आणि तो राहीलच. पण एका छोट्या देशाच्या नौदलाची अवस्था पाहिली, की त्यात आपलाच जुना प्रश्न दिसतो. माणसं कमी पडतात, तरी बाईला टिकू दिलं जात नाही.

हा देश म्हणजे आयर्लंड. तो कुठल्याही लष्करी गटात नाही. त्याच्या नौदलाचं काम मुख्यतः गस्तीचं : मासेमारीवर देखरेख, अमली पदार्थांची तस्करी रोखणं, समुद्रात सापडलेल्यांची सुटका. २०१५ पासून काही वर्षं भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या हजारो निर्वासितांना याच जहाजांनी वाचवलं.

या जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या बायकांची नावं दिली गेली : दिएर्द्रा, एथ्ना, ओर्ला, कीरा, रोशीन, नीव. पण प्रत्यक्ष बायकांना नौदलात प्रवेश मिळाला तो नव्वदच्या दशकात. त्यानंतर, २०१४ पासून आलेल्या चार मोठ्या जहाजांना मात्र बेकेट, जॉइस, येट्स, शॉ अशी पुरुष लेखकांची नावं मिळाली!

आता माणसांचा हिशेब पाहा. मंजूर पदं १,०९४, पण २०२३ मध्ये हजर होती ८०० हूनही कमी. २०१९ मध्ये एथ्ना आणि ओर्ला माणसांअभावी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. जुलै २०२२ मध्ये त्या दोन्ही आणि कीरा सेवेतून गेल्या. २०२३ मध्ये रोशीन आणि नीवही गस्तीवरून काढून राखीव ठेवायचं ठरलं.

सरकारने उपाय काय केला? न्यूझीलंडकडून दोन छोटी जहाजं विकत घेतली. न्यूझीलंडने ती का काढली? तिथल्या खवळलेल्या समुद्रासाठी ती योग्य राहिली नव्हती म्हणून! कमी माणसांत चालणारी ही जहाजं सप्टेंबर २०२४ मध्ये ईवीन आणि गॉबनित या नावांनी दाखल झाली. पुन्हा बायकांचीच नावं.

माणसं का जातात? पगार अपुरा, बाहेरच्या कारखान्यांत तंत्रज्ञांना जास्त पैसे, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणं. ही कारणं खरीच आहेत. पण आणखी एक कारण बायकांनी स्वतः पुढे येऊन सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या सैन्यदलांत काम केलेल्या स्त्रियांनी लैंगिक छळाच्या हकिकती नभोवाणीवर मांडल्या. सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. मार्च २०२३ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की ही दलं स्त्रियांना फार तर जेमतेम सहन करतात आणि सुरक्षित वातावरण देऊ शकत नाहीत. तिन्ही दलांत मिळून स्त्रिया शेकडा सातच्या आसपास. निम्म्या लोकसंख्येला दार अर्धवट उघडायचं, आत आलेलीला छळायचं आणि मग माणसं मिळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावायचा, हा कुठला कारभार?

आपण यावर हसायचं कारण नाही. भारतीय नौदलात स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली. पण कायम नियुक्तीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. रशियन बनावटीच्या काही जहाजांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं नाहीत, असा युक्तिवाद सरकारने तिथे केला होता. १७ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. तोफा बसवताना जागा सापडते, संडास बसवताना सापडत नाही!

जहाज सज्ज करणं म्हणजे नुसतं लोखंड आणि इंजिन नव्हे. झोपायची स्वतंत्र जागा, अंगाला बसणारा गणवेश, बाळंतपणानंतर पुन्हा कामावर येण्याची सोय, आणि किनारा दिसत नसतानाही, वरिष्ठाच्या हातात न अडकता करता येईल अशी तक्रार. मधल्या समुद्रात छळ झाला तर बाई पळून जाणार कुठे?

बंदर असो, गोदी असो की पोलीस ठाणं, ‘बायका मिळत नाहीत’ असं कुणी म्हटलं, की आपल्या गटांनी एकच प्रश्न विचारावा : आलेल्या किती टिकल्या, आणि गेलेल्या का गेल्या? हा हिशेब मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.