टॅरोची ‘मूळ परंपरा’ : एक सोयीस्कर दंतकथा (थ्रेड)

१/ कुणी घरबसल्या, स्वतःच शिकत शिकत, टॅरोची ७८ पाने नव्याने रंगवायला घेतली की एक आक्षेप हमखास येतो : ‘हे मूळ परंपरेला धरून नाही.’ ऐकायला भारदस्त. इतिहासाच्या कसोटीवर पोकळ.

२/ टॅरो हा १५ व्या शतकातील उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. मिलान, फेरारा येथील दरबारांसाठी चित्रकार ही पाने रंगवीत आणि दरबारी मंडळी हुकूम मारून डाव जिंकत. इजिप्तच्या प्राचीन ज्ञानाशी त्याचे नाते जोडले ते कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने, १७८१ मध्ये. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शाम्पोलियोंने केला १८२२ मध्ये. म्हणजे लिपी वाचता येण्याच्या ४१ वर्षे आधीच अर्थ लागून मोकळा!

३/ बरे, पानांचा क्रम तरी अढळ? जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचात ‘न्याय’ आठवा आणि ‘बल’ अकरावे. १९०९ च्या लंडनच्या संचात आर्थर वेट यांनी दोहोंची बिनदिक्कत अदलाबदल केली. आज तोच क्रम परंपरा म्हणून मिरवतो.

४/ त्या संचाची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून त्या पदवी न घेताच बाहेर पडल्या होत्या. मार्सेय संचात तलवारीच्या तिऱ्र्‍यावर तीन तलवारी, बस्स. स्मिथ यांनी अंकांच्या चाळीसही पानांवर चित्रे रेखाटली. तीन तलवारींनी विंधलेले ते प्रसिद्ध हृदय मात्र सर्वस्वी त्यांचे नव्हे. ते १५ व्या शतकाच्या अखेरच्या सोला-बुस्का संचात आढळते, आणि त्या संचाची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. त्यांनी ती तिथेच पाहिली असावीत. जुने पाहायचे, हवे ते उचलायचे, उरलेले स्वतः रचायचे : परंपरा चालते ती अशी.

५/ मोबदला? काम प्रचंड आणि पैसा किरकोळ, असे त्यांनी त्याच वर्षी छायाचित्रकार स्टिग्लिट्झ यांना पत्राने कळवले. संच मात्र ‘रायडर-वेट’ म्हणून ओळखला गेला : एक प्रकाशक, दुसरा लेखक. चित्रकर्तीच्या वाट्याला पानाच्या कोपऱ्यातली आद्याक्षरे. १९५१ मध्ये त्या कर्जात वारल्या.

६/ फ्रिडा हॅरिस यांनी साठीत प्रक्षेपी भूमितीचे धडे घेतले आणि अॅलिस्टर क्रोलीसाठी नवा संच रंगवायला घेतला. काही महिन्यांचे म्हटलेले काम १९३८ ते १९४३ चालले. वर क्रोलीलाच मानधन त्या देत. १९६२ मध्ये श्रीनगरला त्यांचे निधन झाले. संच छापून आला तो त्यानंतर. (टॅरो भविष्य सांगतो का? माझ्या मते नाही. पण तो वाद वेगळा.)

७/ तेव्हा नवोदितांना ‘मूळ’ सुनावणाऱ्यांनी आधी सांगावे : कोणते मूळ? मिलानचे, मार्सेयचे की १९०९ चे? आणि आपल्या कपाटातल्या संचाच्या खोक्यावर चित्रकर्तीचे नाव आहे का, तेही जरा पाहावे.