घर आणि यंत्र : मोटारीचें बळ वाढविण्यापूर्वीं

सिडकोनें आंखलेल्या नव्या मुंबईच्या वसाहतींत खारघरचे रस्ते चांगले रुंद आणि सरळ आहेत. सेंट्रल पार्कच्या बाजूस पहाटे फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी दिसते, मागोमाग शाळेच्या गाड्या येतात. आणि रात्रीं उशिरां त्याच रस्त्यानें एखादी ठेंगणी, रुंद टायरांची मोटार कर्कश आवाज करीत निघून जाते. जवळच कळंबोली, तेथून मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग सुरू होतो. अशा ठिकाणीं वाढलेल्या तरुणाच्या मनांत वेगाची ओढ उत्पन्न झाली तर त्यांत नवल तें काय?

घरांतील कमावता झालेला मुलगा किंवा पुतण्या जरा तेज अशी मोटार घेतो. दसऱ्यास तिची पूजा होते, सर्व मंडळी तींत बसून देवदर्शनास जाऊन येते. वर्ष लोटतें न लोटतें तोंच 'ट्यूनिंग' हा शब्द घरांत ऐकूं येऊं लागतो. यावर वडीलधाऱ्यांचे दोनच पवित्रे बहुधा पाहावयास मिळतात. "असलीं थेरें या घरांत चालणार नाहींत" म्हणून विषय तोडून टाकणें हा एक. "पैसे त्याचे, गाडी त्याची" म्हणून मान फिरविणें हा दुसरा. पहिल्यामुळें मुलगा तेंच काम चोरून करतो, दुसऱ्यामुळें उघडपणें पण अजाणतां करतो. विषय समजून घेऊन मग बोलणें हा तिसरा मार्ग. आणि या महिन्यांत तोच वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हें पाहूं कीं, कारखान्यांतून आलेल्या मोटारीचें बळ वाढतें तरी कसें. उदाहरण आपल्या पुणें जिल्ह्यांतलेंच घेऊं. चाकण येथील फोक्सवागेनच्या कारखान्यांत २००९ पासून २०२२ पर्यंत 'पोलो' ही लहान मोटार तयार होत असे. हौशी तरुणांत तिला फार मान. तिच्या २०१३ सालीं आलेल्या 'जीटी टीएसआय' या प्रकारांत १.२ लिटरचें इंजिन होतें. त्याची शक्ति १०५ अश्वशक्ति व पीळ, म्हणजे टॉर्क, १७५ न्यूटन-मीटर. युरोपांत याच इंजिनाचा ८६ अश्वशक्तीचाहि एक प्रकार विकला जात असे. दोहोंची मूळ रचना एकच. म्हणजे एका इंजिनाकडून किती काम घ्यावयाचें हें कारखानाच ठरवीत असतो.

तें ठरतें कोठें? अशा इंजिनाला टर्बो असतो. धुराच्या जोरानें फिरणारा आणि इंजिनांत हवा दाबून भरणारा तो एक लहानसा पंखा होय. हवा किती दाबावी, पेट्रोल किती सोडावें आणि ठिणगी नेमकी केव्हां पाडावी याचीं कोष्टकें गाडीच्या संगणकांत लिहिलेलीं असतात. हीं कोष्टकें बदलणें यालाच 'रीमॅपिंग' म्हणतात. नटबोल्टालाहि हात न लावतां या एका कामानें १०५ चे १३० अश्वशक्तींच्या आसपास होतात. २०१७ सालीं आपल्याकडे आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस या खऱ्याखुऱ्या तेज मोटारीचे २३० चे सुमारें ३०० होतात. त्यापुढच्या पायऱ्यांवर हवेचा फिल्टर, सायलेन्सरची नळी आणि शेवटीं टर्बोच बदलतात.

हें ऐकून कोणासहि वाटेल कीं, कारखान्यानें आपल्याला फसविलें; असलेलें बळ दडवून ठेवलें. तसें नाहीं. पांच माणसांचा स्वयंपाक करतांना घरची गृहिणी अवचित येणाऱ्या पाहुण्याचे चार घांस त्यांतच धरून चालते; तो कंजूषपणा नव्हे, ती दूरदृष्टि. कारखान्यालाहि तसेंच धरून चालावें लागतें. तेंच इंजिन राजस्थानच्या उन्हाळ्यांत, लडाखच्या विरळ हवेंत, मिळेल त्या पंपावरचें पेट्रोल घेऊन आणि वेळेवर तेल न बदलणाऱ्या मालकाच्या हातीं वर्षानुवर्षें चाललें पाहिजे. राखून ठेवलेलें बळ म्हणजे या सर्वांसाठीं ठेवलेली शिल्लक होय. ट्यूनिंग करणारा नवें बळ निर्माण करीत नाहीं. तो ही शिल्लक खर्च करतो. शिल्लक मोडूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती कशासाठीं ठेवली होती हें जाणून मोडावी.

पेट्रोलचेंच घ्या. दाब व उष्णता फार वाढली म्हणजे ठिणगीनें पेटलेली ज्योत पोहोंचण्याची वाट न पाहतां पेट्रोल-हवेचें उरलेलें मिश्रण आपणच पेट घेतें आणि इंजिनांत ठोके पडूं लागतात. याला 'नॉकिंग' म्हणतात. तें सोसण्याची पेट्रोलची ताकद ऑक्टेन या आंकड्यानें सांगतात. पूर्वीं आपल्याकडील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता. आतां सर्वत्र मिळूं लागलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ९५ धरलेला आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला आळा घालतें, परंतु त्याच्या एका लिटरांतील उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें कमी असते. २०२० पासून इंडियन ऑइलच्या निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचें पेट्रोलहि मिळतें. त्या १०० साठीं लिहिलेलीं कोष्टकें घेऊन एखाद्यानें प्रवासांत आडगांवच्या पंपावर साधें पेट्रोल भरलें, तर गाडीचा संगणक स्वतःला सांवरून घेतो व मिळविलेलें बळ परत जातें. त्यालाहि सांवरतां आलें नाहीं तर पिस्टनच जायबंदी होतो.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. पोलो जीटीचा सात गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स जास्तींत जास्त २५० न्यूटन-मीटर पीळ सोसेल असा बांधलेला आहे. मूळचें इंजिन देत होतें १७५. मधले ७५ ही कारखान्यानें राखलेली शिल्लक. रीमॅपिंगनें त्यांतील बराच भाग खाल्ला जातो. त्यांतून या गिअरबॉक्सचे क्लच कोरडे, तेलांत न भिजणारे. सायन-पनवेल रस्त्यावर सायंकाळीं गाडी मुंगीच्या पावलानें सरकूं लागली म्हणजे ते तापतातच. इंजिन बळकट झालें म्हणून क्लच बळकट होत नाहीं.

आतां, ज्यांनीं पोलो बनविली त्यांनींच तिला शर्यतीसाठीं तयार करतांना काय केलें तें पाहा. २०१० सालीं भारतांत 'पोलो कप' या एकाच जातीच्या मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. २०१२ च्या 'पोलो आर कप' मधील मोटारीला १.४ लिटरचें, १८० अश्वशक्तीचें इंजिन होतें. पण शर्यतीची मोटार नुसत्या इंजिनानें होत नाहीं. आंतील सर्व आसनें काढून तेथें पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. चालकाला अनेक पट्ट्यांनीं आसनाशीं जखडून ठेवतात. टायर, ब्रेक व स्प्रिंगा शर्यतीच्या असतात. अग्निशामक साधन हाताशीं असतें. अंगावर न पेटणारा पोशाख असतो. आणि रस्त्याला वळण्यापुरतीहि समोरून येणारी गाडी नसते. वाढविलेल्या प्रत्येक अश्वशक्तीबरोबर तिला आंवरण्याची तजवीज केलेली असते. तरुणांनीं कारखान्याचें अनुकरण अवश्य करावें, पण अर्धें करूं नये.

आंवरण्याचा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या पटीनें नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या पटीनें वाढतें. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांनीं, ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोटार सुमारें ४८ मीटरांत थांबते. तीच १४० वर असली तर सुमारें ९५ मीटर लागतात. वेग दीडपटहि झाला नाहीं, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट झालें. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत १४० च्या वेगानें आणखी ३९ मीटर निघून जातात. हे आंकडे कोरड्या रस्त्याचे. पनवेलच्या मुसळधार पावसांत ते किती वाढतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

म्हणून घरांत या विषयावर बोलणें निघालें तर "नको" म्हणण्याऐवजीं खर्चाचा क्रम ठरवून द्यावा. पहिला खर्च देखभालीचा : तेल, स्पार्क प्लग, चाकांची सरळ जुळणी, सस्पेन्शनचे झिजलेले रबरी भाग. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, त्यामुळें तें तापल्यावर लौकर उकळतें आणि ऐन वेळीं ब्रेकचें पायटें पोकळ लागतें. तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें. पुष्कळ वेळां मोटार मंद झाली असें जें वाटतें तें एवढ्यानेंच नाहींसें होतें. दुसरा खर्च टायरांचा. मोटारीच्या टायरांच्या खांचा किमान १.६ मिलिमीटर असाव्यात असा नियम आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याहून पुष्कळ अधिक असलेल्या बऱ्या. तिसरा खर्च चांगल्या ब्रेक पॅडांचा. चौथा खर्च चालकाच्या शिक्षणाचा. बंदिस्त धांवपट्टीवर जाणत्याच्या देखरेखीखालीं घालविलेला एक दिवस मोटारीच्या कोणत्याहि सुट्या भागापेक्षां अधिक उपयोगी पडतो. हे चार झाल्यावर इंजिनाचा विचार करावा. आणि करावयाचाच तर काम सुरू करण्यापूर्वीं व संपल्यावर, एकाच डायनोवर, म्हणजे शक्ति मोजण्याच्या यंत्रावर, घेतलेले दोन्ही आंकडे कागदावर मागून घ्यावेत. मूळचीं कोष्टकें जपून ठेवण्यास सांगावें. जो कारागीर हे आंकडे देण्यास कांकूं करतो त्याच्या दारांत गाडी नेऊं नये.

यापुढील भाग विशेषतः घरांतील कर्त्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं लक्षपूर्वक वाचावा. एकत्र कुटुंबांत मोटार चालवितो एक आणि पनवेलच्या परिवहन कार्यालयांतील नोंद असते दुसऱ्याच्या नांवावर. बहुधा वडिलांच्या, कधीं आजोबांच्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. इंजिन बदलावयाचें तरी नियमानुसार कार्यालयाची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीं कायद्यांत आलेल्या १८२-अ या कलमान्वयें नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शब्द 'मालक' असा आहे. नातवाच्या हौसेचा जाब प्रथम आजोबांना विचारला जाईल. आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सायलेन्सर पोकळ करणें किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणें हे प्रकार यांतच येतात. रीमॅपिंग डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून तें कायद्याच्या बाहेर आहे असेंहि कोणीं समजूं नये.

विम्याचें याहून कठीण आहे. मोटारींत केलेला बदल विमा कंपनीस कळविणें हें विमेदाराचें कर्तव्य आहे. न कळविल्यास अपघातानंतर मागणी नाकारण्यास तिला आयतेंच कारण मिळतें. दंडाची रक्कम एका महिन्याच्या पगारांतून फिटेल. पण रस्त्यानें जाणाऱ्या कोणाच्या जिवाची भरपाई द्यावयाची वेळ आली आणि विमा कंपनीनें हात वर केले, तर राहतें घर विकूनहि ती फिटेलच असें नाहीं. पैशानें जें फिटत नाहीं तें तर वेगळेंच. कारखान्याची हमीहि जाते; बदललेलीं कोष्टकें पूर्ववत् केलीं तरी अनेक गाड्यांच्या संगणकांत त्याची खूण राहते, आणि ती सेवाकेंद्रांत वाचतां येते.

मग या तरुणांनीं आपली हौस भागवावी तरी कोठें? त्यासाठीं जागा आहेत. खारघरहून घाट चढून गेल्यावर लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅली लागते. तेथील विमानांच्या धांवपट्टीवर सुमारें ४०० मीटरांच्या सरळ शर्यती झालेल्या आहेत. चेन्नईजवळ, कोइमतूर येथें आणि दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथें शर्यतींचे कायमचे मार्ग आहेत. शेवटचा २०११ सालीं सुरू झाला व त्याची लांबी पांच किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. अशा ठिकाणीं प्रवेशापूर्वीं गाडी तपासतात, शिरस्त्राण सक्तीचें असतें, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून कोणी येत नाहीं. याउलट द्रुतगति मार्गावर मोटारींची मर्यादा ताशीं १०० किलोमीटर आहे व घाटांत त्याहून पुष्कळ कमी. हा वेग तर कारखान्यांतून आलेली साधी मोटारहि सहज गांठते. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यास पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. थोडक्यांत, वाढविलेलें बळ वापरण्यास सार्वजनिक रस्त्यावर जागाच नाहीं. तें हवें असेल तर त्याबरोबर धांवपट्टीवर जाण्याचाहि खर्च धरला पाहिजे.

यंत्राची आवड हा कांहीं दुर्गुण नव्हे. जो तरुण टर्बोचा दाब आणि गिअरबॉक्सची मर्यादा समजून घेतो, तो उद्यां चांगला यंत्रज्ञहि होईल. त्याला इतकेंच सांगावें, आणि रागानें नव्हे तर कागद-पेन्सिल घेऊन शेजारीं बसून सांगावें कीं, गाडी किती वेगानें जाते हें पाहण्याआधीं ती किती अंतरांत थांबते हें मोजून ये. तो आंकडा ज्यानें एकदां स्वतः मोजला, त्याला पुढचें फारसें सांगावें लागत नाहीं.