शेपटीवरचे लेकर

अटलांटिक महासागरावरची स्वस्त विमानसेवा ठरावीक वर्षांनी नव्याने जन्माला येते आणि प्रत्येक वेळी तिचे नाव ‘क्रांती’ असेच ठेवले जाते. या आठवड्यातही लंडन–न्यूयॉर्कच्या किरकोळ भाड्याच्या जाहिराती झळकल्या आणि बारशाच्या घुगऱ्या वाटणे सुरू झाले.

सर्वांत गाजलेले बारसे 26 सप्टेंबर 1977 रोजी झाले. फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली. एकेरी भाडे 59 पौंड, आगाऊ आरक्षण नाही, जेवणाचे पैसे वेगळे. 5 फेब्रुवारी 1982 रोजी कंपनी बुडाली. पुढे पीपल एक्सप्रेस आली आणि कॉन्टिनेन्टलच्या पोटात गेली. 2018 मध्ये प्रायमेरा, 2019 मध्ये आइसलँडची वॉव आणि 2025 मध्ये तिथलीच प्ले बंद पडली. नॉर्वेजियनने 2013 मध्ये सुरू केलेली लांब पल्ल्याची सेवा जानेवारी 2021 मध्ये गुंडाळली.

प्रत्येक मृत्यूचा दाखला वेगळा आहे. लेकरच्या वेळी डॉलरमधली कर्जे आणि बड्या कंपन्यांची भाडेकपात होती. नॉर्वेजियनच्या वेळी रोल्स-रॉइस इंजिनांची दुखणी, बोइंग 737 मॅक्सवरची बंदी आणि शेवटी कोरोना. ही कारणे खरी आहेत. परंतु त्याच इंजिनांची आणि त्याच साथीची झळ लागलेल्या जुन्या कंपन्या आजही उडत आहेत. तेव्हा दुखणे अधिक खोल आहे आणि ते विमानाच्या दिनक्रमात सापडते.

छोट्या पल्ल्यावर उडणाऱ्या रायनएअरचे यश पंचवीस मिनिटांवर उभे आहे. विमान उतरले की तेवढ्या वेळात प्रवासी बदलून ते पुन्हा निघते. दिवसाला सव्वा तासाची आठ उड्डाणे धरली तर मध्ये सात थांबे येतात. प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक थांब्यासाठी पंचावन्न मिनिटे लागत असतील, तर रायनएअरचे दिवसाला साडेतीन तास वाचतात. तेवढ्यात आणखी एक जाण्यायेण्याची फेरी होते. विमान तेच, भाडेपट्टा तोच, तिकिटे मात्र जास्त. रात्री वैमानिक आणि कर्मचारी आपापल्या घरी झोपतात, त्यामुळे हॉटेलचे बिलही नाही.

आता लंडन–न्यूयॉर्क. जाताना सुमारे आठ तास, येताना सात. दिवसाचे पंधरा तास विमान हवेतच असते, मग ते स्वस्त कंपनीचे असो वा महागड्या. दोन थांब्यांत मिळून एक तास वाचवला, तरी एका तासात महासागर ओलांडता येत नाही. शिवाय अमेरिकेहून युरोपकडे येणारी उड्डाणे बहुतेक रात्रीचीच असतात, त्यामुळे वाचलेला तास विमानतळावर उभे राहण्यातच जातो. कर्मचाऱ्यांना परदेशी मुक्काम द्यावाच लागतो, आणि लांब पल्ल्याच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा. ते सर्वांना सारख्याच भावाने जाळावे लागते. छोट्या पल्ल्यावर ज्या फटींतून पैसा वाचतो, त्या इथे आधीच बुजलेल्या असतात.

उरते ती दाटी. नॉर्वेजियनने बोइंग 787-9 मध्ये 344 आसने बसवली. ब्रिटिश एअरवेजच्या तशाच विमानात 216 होती. वरकरणी स्वस्त कंपनी 128 तिकिटांनी पुढे. परंतु ब्रिटिश एअरवेजच्या पुढच्या भागातील फर्स्ट आणि बिझनेसच्या पन्नास आसनांचे भाडे मागच्या आसनांच्या कित्येक पट असते, आणि ते बरेचदा प्रवाशाची कंपनी भरते. त्या जोरावर मागच्या काही जागा स्कायट्रेनच्या भावातही विकता येतात. ‘बेसिक इकॉनॉमी’ नावाचे सामानाविना तिकीट काढून बड्या कंपन्यांनी नेमके तेच केले. जुलैत 344 आसने कुणालाही भरता येतात. फेब्रुवारीत ती भरायला शहराशहरांतून प्रवासी गोळा करून आणणारी जोडउड्डाणे लागतात, आणि ती बड्यांकडेच असतात.

या स्तंभाचे जुने तुणतुणे इथेही वाजवणे भाग आहे: जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांची एकमेकांशी ओळखही नसते. बॅग, जेवण, आसननिवड यांचे पैसे जोडले की स्वस्ताई अटलांटिकच्या मध्यावरच बुडते. पुढच्या आसनांचे गणित जेटब्लू या विमानकंपनीने ओळखले असावे. 2021 मध्ये लंडनला जाताना तिने ‘मिंट’ ही बिझनेस श्रेणी सोबत नेली.

नॉर्वेजियन आपल्या विमानांच्या शेपटीवर थोर व्यक्तींची चित्रे रंगवत असे. 2017 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या 737 मॅक्सवर चित्र होते फ्रेडी लेकर यांचे. दोन वर्षांनी मॅक्स विमानांना उड्डाणबंदी झाली. लेकर यांच्या डीसी-10 विमानांवरही 1979 मध्ये अशीच बंदी आली होती. शकुन-अपशकुनावर विमानकंपनी चालत नाही, हे मान्य; पण चित्र निवडणाऱ्याने ताळेबंद तरी चाळायला हवा होता.

तेव्हा निकाल असा: अटलांटिकवर स्वस्त तिकीट टिकले आहे, कारण ते महागड्या कंपन्या विकतात. नॉर्वेजियनच्या जुन्या 787 विमानांवर 2022 मध्ये नॉर्स अटलांटिक उभी राहिली. ती विमाने भरण्यापेक्षा भाड्याने देणे बरे, हे तिलाही उमगलेले दिसते. जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला सुरू झालेली इंडिगोची उड्डाणे नॉर्सकडून भाड्याने घेतलेल्या विमानांचीच होती.