रडारला दिसले होते

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर घाला घातला. २४०३ अमेरिकन बळी पडले. दुसऱ्याच दिवशी अमेरिका युद्धात उतरली. या घाल्यास ‘अनपेक्षित’ म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. ओआहू बेटाच्या उत्तर टोकास रडारवर बसलेल्या दोघा सैनिकांना ती विमाने सकाळी ७ वाजून २ मिनिटांनीच दिसली होती. त्यांनी दूरध्वनीवरून कळविलेही. पण त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून स्वतःचीच बॉम्बफेकी विमाने यावयाची होती. ती हीच, असे समजून अधिकाऱ्याने ‘काळजी नको’ म्हटले. बंदरावर बॉम्ब पडू लागले ७.५५ च्या सुमारास. पुढे ॲडमिरल किमेल व जनरल शॉर्ट यांची पदे गेली. त्या कनिष्ठ अधिकाऱ्यास शिक्षा झाली नाही, आणि ते मला रास्त वाटते. खरे वाटावे असेच कारण त्याच्यापाशी होते.