मुऱ्हाळी न आलेला भाऊ

भाऊबीजेची कथा आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी तिच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला, म्हणून ही यमद्वितीया. कथा सांगताना आपला सगळा भर त्याच्या जाण्यावर, तिने केलेल्या ओवाळणीवर आणि त्याने दिलेल्या वरावर असतो. पण कथेचा पूर्वार्ध काय आहे? यमुनेने वारंवार बोलावणी धाडली आणि यम कामाच्या व्यापात कित्येक काळ गेलाच नाही, हा तो पूर्वार्ध. भावाबहिणीच्या प्रेमाचा म्हणून जो सण आपण साजरा करतो, त्याच्या मुळाशी एक विसरलेली बहीण आणि एक न फिरकलेला भाऊ आहे. कथेला हे ठाऊक आहे. सणाला मात्र ते आठवत नाही. यमाला त्या दिवशी आपल्या हातून काय राहून गेले याची काही जाणीव झाली का, हे आपण कथेला कधी विचारलेले नाही.

आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांनी तरी ते विचारायला हवे होते, कारण या प्रश्नाची सामग्री आपल्या अभ्यासक्रमातच पडून आहे. जात्यावरच्या ओव्या आपण दरवर्षी शिकवतो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या आस्थेने एकत्र केल्या. पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. या प्रचंड राशीत बंधुरायाला केवढी जागा आहे! त्याचा घोडा, त्याचा पटका, त्याची शेती, त्याची वाट पाहणे, त्याने आणलेली चोळी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थी हमखास लिहितात : ‘लोकगीतांतून भावाबहिणीच्या उत्कट प्रेमाचे दर्शन घडते.’ आपण गुण देतो आणि पुढची उत्तरपत्रिका उचलतो.

आमचे म्हणणे असे की हे वाक्य अर्धेच खरे आहे. ओवीत दर्शन घडते ते बहिणीच्या प्रेमाचे. भावाचे प्रेम तिथे बहुतेक वेळा अपेक्षित आहे, प्रार्थिलेले आहे, कल्पिलेले आहे. सासुरवाशिणीला माहेरी आणायला जो जातो त्याला आपल्या भाषेत ‘मुऱ्हाळी’ असा खास शब्द आहे. पंचमी आली, दिवाळी आली की त्याची वाट पाहिली जाते. ज्या मनुष्यासाठी भाषेने स्वतंत्र शब्द घडवला, त्याच्या येण्यावर कुणाचे तरी सबंध वर्ष अवलंबून असले पाहिजे. ओवी म्हणणारी बाई पहाटेच्या अंधारात ज्या भावाचे गुणगान करते, तो त्या क्षणी तिच्या समोर नाही. बहुधा कित्येक महिने नाही. तेव्हा ही स्तुती पोहोचायला हवी त्याच्यापर्यंत कधी न पोहोचलेला अर्ज म्हणून वाचून पाहावी. वाचताच तिचा सूर बदलतो. चोळीच्या खणाचे कौतुक एका चोळीचे राहत नाही. माझे या जगात कुणी आहे, सासरच्यांनो हे लक्षात असू द्या, असे ती त्यातून बजावू लागते.

या ओव्यांतच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण जवळजवळ दुर्लक्षच केले आहे. भावाकडून उपेक्षा झाली की ओवीत दोष कुणाच्या पदरी जातो? भावजयीच्या. ती परक्याची लेक, ती तोंड वाकडे करते, ती चोळी हलकी घ्यायला लावते. भाऊ भोळा, भाऊ लाजरा, भावाचे काही चालत नाही. बहिणीने स्वतःच भावाला निर्दोष सोडून दिलेले आहे. ती असे का करते हे समजणे कठीण नाही. भावाला दोषी ठरवले तर माहेरच संपते. भावजयीला ठरवले तर निदान माहेराची कल्पना तरी शाबूत राहते. मात्र वाचकाने ही सुटका जशीच्या तशी का स्वीकारावी? दोन बायकांना समोरासमोर उभे करून पुरुष मधल्यामध्ये निसटतो, ही रचना लोकगीतात आहे आणि आपल्या घराघरांतही आहे. शिवाय ती भावजय स्वतः कुणाची तरी बहीण आहे आणि तिच्या माहेरच्या वाटेवरही तीच धूळ उडते आहे, हे त्याच जात्यावर बसून ती कधी तरी गात असणारच.

द्रौपदी, सुभद्रा आणि कृष्णाचे बोट ही कथा याच रांगेतली. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातील गीतामुळे ती घरोघर पोहोचली. कृष्णाच्या बोटाला जखम होते. सख्खी बहीण चिंधी शोधत राहते आणि मानलेली बहीण अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून देते. आपण ऐकतो, गहिवरतो. पण पाहा, परीक्षा दोघींची होते. भाऊ परीक्षक आहे. सुभद्रेची तेव्हा काही अडचण होती का, तिच्या बोटाला कधी चिंधी लागली होती का, हे विचारायची सोय कथेने ठेवलेली नाही. (वस्त्रहरणाच्या वेळी कृष्ण धावून आला, हे खरे. पण तेथेही हिशेब जुळवण्याची घाई आपलीच.)

हे केवळ मराठी मनाचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. उच्छंग जातकात नवरा, मुलगा आणि भाऊ असे तिघे राजाच्या कैदेत सापडलेली एक स्त्री आहे. एकालाच सोडवता येईल असे म्हटल्यावर ती भाऊ मागते, कारण नवरा आणि मूल पुन्हा मिळू शकतात, आईवडील गेल्यावर भाऊ मिळत नाही. हेरोडोटसच्या इतिहासात दरायसच्या दरबारी इन्टाफ्रेनीसची बायको हाच युक्तिवाद करते. सोफोक्लीसची अँटिगनी भावाला मूठमाती देण्यासाठी मरण पत्करताना हेच बोलते. गटेला तो उतारा इतका खटकला की कुणी तरी तो प्रक्षिप्त ठरवावा असे त्याला वाटले. देश, भाषा, काळ वेगवेगळे, विधान तेच. भाऊ अद्वितीय आहे, असे बहिणीने म्हटलेले. उलट दिशेने जाणारी कथा आम्ही शोधून पाहिली. बायको, मुलगी आणि बहीण यांतून एकीला निवड असे ज्याला कुणी विचारले आणि ज्याने ‘बहीण’ असे उत्तर दिले, असा भाऊ काही आम्हांला भेटला नाही. असेल कुठे तर वाचकांनी जरूर सांगावे.

भावांनी बहिणींविषयी लिहिलेच नाही असे नाही. पण जे लिहिले त्यात बहीण कशी येते ते पाहावे. आईवर आपल्याकडे काय थोडे लिहिले गेले? यशवंत, माधव जूलियन यांच्या कवितांवर पिढ्या वाढल्या. लेकीसाठी ‘बीं’ची ‘माझी कन्या’ आहे. बहीण मात्र पुरुषांच्या आत्मचरित्रांत बहुधा पहिल्या प्रकरणात संख्या म्हणून येते, ‘आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी’. पुढे तिच्या लग्नाचा खर्च येतो आणि क्वचित तिच्या अकाली मरणाची एक ओळ. तिला काय आवडत असे, ती कशाला भीत असे, घरातल्या भांडणांत ती कोणाच्या बाजूने असे, यांतले काही नाही. याउलट जी. ए. कुलकर्णी यांच्यासारखा स्वतःविषयी मौन पाळणारा लेखक माणूस म्हणून आपल्याला समजतो तो त्यांच्या मावसबहिणीने, नंदा पैठणकर यांनी लिहिलेल्या ‘प्रिय बाबुआण्णा’मुळे. बहिणीला भावाच्या सवयी, लहरी, जेवणाखाण्याच्या आवडीनिवडी ठाऊक असतात. दिवाणखान्यात बसलेल्याला स्वयंपाकघर दिसत नाही. स्वयंपाकघरातून मात्र दिवाणखाना दिसतो, एवढाच याचा अर्थ असेल.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मधील प्रभा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. नाटकावर आपण बोलतो ते कोसळणाऱ्या वाड्याविषयी, सरंजामी व्यवस्थेच्या अंताविषयी, भास्कर आणि सुधीर यांच्या ताणाविषयी. या सगळ्यांत शिकायची इच्छा असून शिकू न दिलेली, लग्न न झालेली बहीण घरातच आहे. शिकू दिले नाही ते वडिलांनी, आणि नाटक सुरू होते तेव्हा वडील वारलेले आहेत. म्हणजे आरोपी गेला, शिक्षा मात्र चालूच. मग भावांचा अपराध कोणता? सुधीर मुंबईला गेला, त्याला मोकळी हवा मिळाली. ज्या दारातून तो गेला ते आपल्या बहिणीसाठी उघडे नाही हे त्याला दिसले नसेल असे म्हणवत नाही. त्याने तिचे काही हिरावून घेतले नाही, तिच्याशी तो दुष्टपणाने वागला नाही. तो फक्त गेला. उपेक्षेचा हाच खरा नमुना. तिच्यात एकही कृत्य नसते, म्हणून तिच्यावर बोट ठेवता येत नाही आणि म्हणून तिची क्षमाही मागता येत नाही.

कायद्याने जे बदलले त्याचाही येथे विचार करणे भाग आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिकाचा हक्क दिला, तो २२ जून १९९४ पूर्वी लग्न न झालेल्यांपुरता. केंद्राची दुरुस्ती २००५ साली आली, आणि वडील त्या वेळी हयात हवे होते की नाही हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला : हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही. मग गावोगावी हक्कसोडपत्रांचा मार्ग अधिकच रुळला. वडील वारले, वारसनोंद झाली, की बहिणींना सहीसाठी बोलावणे जाते. वर्षानुवर्षे न आलेला मुऱ्हाळी या वेळी मात्र गाडी घेऊन दारात उभा असतो. दस्तात ‘स्वखुशीने’, ‘कोणाच्याही दबावाखाली नव्हे’ अशा आशयाची भाषा असते. ओवीत भावजयीला दोष देऊन भावाला सोडवणारी बहीण येथे स्वतःच्या सहीने त्याला सोडवते. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर कसे तुटते हे सगळ्यांना माहीत आहे. एका साडीच्या बदल्यात एकरांचा हिशेब, असे यावर कुत्सितपणे म्हणता येईल. पण त्या साडीत तिला जे हवे होते ते खरेच होते, ही यातली सगळ्यांत दुखरी बाजू. जमिनीचा वाद न्यायालयात जाऊ शकतो. तिला काय हवे होते हे विचारलेच गेले नाही, याची दाद कुठे मागायची?

भावाला आपल्या उपेक्षेची जाणीव होते तो क्षण ज्यांनी खरोखर पकडला, असे दोघे आम्हांला महत्त्वाचे वाटतात. पहिला ऋत्विक घटक. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) मध्ये निर्वासित कुटुंबाचा भार वाहणाऱ्या नीतावर तिचा थोरला भाऊ शंकर मनापासून प्रेम करतो. घरात तिला समजून घेणारा तोच एक आहे. तरीही दाढीच्या खर्चासाठी तो तिच्याकडेच हात पसरतो, आणि गाणे शिकायला मुंबईस निघून जातो. नामांकित गायक होऊन परततो तेव्हा तिला क्षय झालेला आहे. शिलाँगच्या आरोग्यधामात तिचा जगण्याचा आकांत तो ऐकतो. येथे चित्रपट संपला असता तर एक करुण कथा झाली असती. घटक पुढे जातात. शंकर गावी परततो, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी मुलीची चप्पल तुटते, जशी कधी नीताची तुटली होती. ती मुलगी ओशाळे हसते आणि चालू लागते. शंकर तोंड झाकून घेतो. ‘सुवर्णरेखा’तील ईश्वराची जाणीव याहून भयंकर आहे, पण शंकरची अधिक जवळची, कारण त्याने काहीच वाईट केलेले नाही.

दुसरा जॉइस. ‘युलिसिस’मध्ये (१९२२) जुन्या पुस्तकांच्या गाडीपाशी स्टीफनला त्याची बहीण डिली भेटते. घरी खायची वानवा आहे, आई गेली आहे, आणि बापाकडून मोठ्या मिनतवारीने मिळवलेल्या पैशांतल्या एका पेनीला तिने फ्रेंच शिकायचे जुने पुस्तक घेतले आहे. पॅरिस पाहून आलेल्या भावाला ती संकोचाने विचारते की हे पुस्तक चांगले आहे का. तिच्या डोळ्यांत स्टीफनला स्वतःचेच डोळे दिसतात. ती बुडते आहे हे त्याला कळते, आणि वाचवायला गेलो तर तिच्याबरोबर आपणही बुडू हेही त्याच क्षणी कळते. त्याच्या खिशात त्या दिवशी पगाराचे पैसे आहेत. तो देत नाही. पश्चात्तापाचा डंख मात्र पुरेपूर बसतो. जॉइसने येथे भावाला अश्रूही ढाळू दिले नाहीत याबद्दल त्याचे उपकार मानायला हवेत. पश्चात्तापाची एक चैन असते. ती भावाला पुन्हा मध्यभागी आणते आणि बहीण, जी एरवीही कडेलाच होती, त्याच्या दुःखाचे निमित्त होऊन बसते.

कुणी म्हणेल, भाऊ तरी काय करणार? त्यालाही बहिणीशी बोलायची भाषा कुणी शिकवली नाही. रक्षण कर, पाठवणी कर, ओवाळणी घाल, एवढेच त्याच्या हाती दिले. हे मान्य. पण आपल्या परंपरेत दुसरे उदाहरण नाही असे नाही. ताटीचे अभंग हे धाकट्या बहिणीने रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला घातलेले साकडे आहे. मुक्ताबाई तेथे ओवाळत नाही, मागत नाही. ती बोलते, समजावते, अधिकाराने. आणि ज्ञानेश्वरांनी काय केले? आख्यायिका सांगते की त्यांनी ते ऐकले आणि दार उघडले. वर्गात हे अभंग शिकवताना आपण मुक्ताबाईच्या अधिकाराविषयी पुष्कळ बोलतो. पुढच्या वेळी दाराच्या आतल्या बाजूने, तिचे शब्द ऐकत बसलेल्या त्या भावाविषयीही मुलांना लिहायला सांगून पाहावे. बाकांवर बसलेल्या मुलग्यांना तर मुद्दाम.